मठार

शाळेतून फोन आला, कपाट रिकामं करतोय,
तुमचं काही असेल तर शनिवारच्या आत न्या.
बोलणारा मुलगा सभ्य होता.
भंगारवाला रविवारी येणार होता.

नाना पेठ, दुसरा मजला, खिडकीशेजारचं कपाट.
वरच्या कप्प्यात लाकडी गोळा, हातांनी गुळगुळीत झालेला.
पहिल्या वर्षी तो उचलून मी सांगितलं होतं:
हा अणू. हा फुटत नाही.
कणादापासून इथवर यायला एक तास पुरायचा,
मधली दोन हजार वर्षं फळा पुसताना जायची.

पुढच्या धड्यात पुडिंग होतं. पुडिंग कुणी पाहिलेलं?
मी रव्याचा लाडू नेला, बेदाणे टोचलेला.
लाडू धन, बेदाणे ऋण, सगळा हिशेब मिळून शून्य.
शिंत्र्यांच्या पोरानं घंटा व्हायच्या आत
अणू खाऊन टाकला.
तसाही तो फार वर्षं टिकला नव्हताच.

मग सोन्याचा पत्रा, वर्खासारखा.
मँचेस्टरच्या अंधाऱ्या खोलीत दोघं जण
डोळे फाडून पडद्यावरच्या ठिणग्या मोजताहेत.
सोडलेले कण आरपार जातात, जातात, जातात,
आठ हजारांतला एखादा
माघारी फिरतो.
त्या एकापाशी दरवर्षी माझा आवाज बदलायचा.
मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

म्हणून तांबट आळीत गेले,
भालचंद्र निजामपूरकरांकडे.
ठोक्यांच्या कल्लोळात ओरडून सांगितलं:
मधे सुपारीएवढा गोळा, भोवती पितळी कड्या,
कड्यांवर मणी. मणी या कडीवर नाहीतर त्या कडीवर,
अध्येमध्ये थांबता कामा नये.
"एसटीसारखं? थांब्यावरच?"
तसंच.
आठ दिवसांनी दिलं. सुरेख होतं, आणि खोटं.
मला राहवेना. म्हटलं, मधला गोळा मोहरीएवढा धरला
तर ही कडी नेहरू स्टेडियमच्या बाउंड्रीवर जाईल.
"आणि मधे?"
काही नाही.
ते चिंचेनं कडी घासत होते. मान वर न करता म्हणाले,
"मग रिकाम्या जागेचं काय लावू, बाई?
वजनावर, की मापावर?"

एका जूनमध्ये नवं पुस्तक आलं.
कड्या गेल्या. ढग आला.
मला तो नीट कळला नव्हता, तरी गेले.
म्हटलं, मणी कुठे आहे ते आता सांगता येत नाही,
कुठे सापडेल याची शक्यता तेवढी सांगता येते.
हातोडा खाली ठेवला त्यांनी.
"ढग ठोकायचा कसा?"

महिनाभर निरोप नाही.
मग त्यांचा मुलगा एक तांब्याचं ताट देऊन गेला.
सबंध मठारलेलं.
मधोमध ठोके इतके दाट की एकात एक मिसळलेले,
बाहेर येता येता सुटे, मग विरळ,
मग नुसतं तांबं.
रेघ कुठेच नाही. इथवर अणू,
असं म्हणून बोट ठेवावं अशी जागा नाही.
वर्गात मी ते हातोहात फिरवलं
आणि त्या तासाला फारसं बोलले नाही.

"हेच न्यायचं ना? बाकीचं चुकीचं झालंय आता,"
मुलगा म्हणाला.
म्हटलं, गोळा घे, कड्या घे,
सगळं घाल रिक्षात.

लक्ष्मी रोडला रिक्षा अडकली. मांडीवर ताट,
खळग्याखळग्यात ऊन.
अगदी कडेला, बाकीच्यांपासून चार बोटं दूर,
एकच ठोका आहे.
पैसे द्यायला गेले तेव्हा विचारलं होतं,
इथे हात चुकला का?
"तुम्हीच म्हणालात," निजामपूरकर म्हणाले,
"कधी कधी तो
लांबही असतो."